खाजनाचा नकाशा, आजीची मुलाखत की पाच पानी टीप?

गोव्यात अकरावी-बारावीला किंवा बीएला भूगोल, इतिहास, समाजशास्त्र शिकवणाऱ्याने ऑनलाइन स्वाध्याय द्यायचं ठरवलं की चर्चा लगेच साधनावर जाते: गूगल क्लासरूम घ्यायचं, मूडल घ्यायचं की व्हॉट्सॲपवरच भागवायचं. ते नंतर ठरवता येतं. आधी पाहावं ते हे, की मुलाने पाठवलेल्या कामात तुम्हाला तपासून बघता येईल असं काय असणार आहे.

खाजन म्हणजे नदीकाठची, बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. 'खाजन जमिनींवर ५०० शब्दांत टीप लिहा' असं सांगितलं तर चाळीस मुलांच्या चाळीस गुळगुळीत टिपा येतात. प्रत्येकीत बांध आहे, मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार) आहे, खारं पाणी सोसणारं कोरगुट भात आहे. फक्त कुठला बांध ते कुठल्याच टिपेत नाही. चॅटबॉटकडून लिहून घेतलेली टीप आणि मुलाने स्वतः लिहिलेली टीप वेगळी ओळखायला तुमच्याकडे धागाच राहत नाही. म्हणून खाली चार प्रकार शेजारी-शेजारी ठेवले आहेत, जमेल तिथे हाच खाजनाचा विषय धरून. वेळेचे आकडे ४० मुलांच्या वर्गाचे, आमच्या अंदाजाने.

| प्रकार | मुलाला काय लागतं | तपासायला वेळ | कुठे बिघडतं |
|---|---|---|---|
| लेखी उत्तर | फोन, देवनागरी कीबोर्ड | ४ तास | उतरवलेला मजकूर |
| सामाईक नकाशा | फोन, एक फेरी | दीड तास, शिवाय तयारीचा १ तास | अक्षांश-रेखांश |
| ध्वनिमुलाखत | फोन, घरातलं वयस्क माणूस | १० तास | लिप्यंतर, भाषांतर |
| उपग्रहचित्रांची जोडी | संगणक किंवा मोठा फोन | अडीच तास | तारीख, भरती-ओहोटी |

लेखी उत्तर

सर्वांत सोपं आणि पुराव्याच्या बाबतीत सर्वांत कच्चं. तरी ते टाकून देऊ नये. युक्तिवाद बांधायची सवय दुसऱ्या कशाने लागत नाही. गूगल डॉक्समध्ये घेत असाल तर क्लासरूममध्ये फाइल जोडताना 'प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत' हा पर्याय स्वाध्याय पाठवण्याआधीच निवडा. एकदा पाठवल्यावर तो मिळत नाही. चुकून 'संपादित करू शकतात' राहिलं, तर चाळीस जण एकाच पानावर लिहू लागतात आणि संध्याकाळपर्यंत कोणाचं काय ते कळेनासं होतं.

स्वतःच्या प्रतीत लिहून घेण्याचा खरा फायदा आवृत्ती-इतिहासात आहे. दोन-तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी वाढलेलं उत्तर आणि रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एकदम चिकटवलेलं उत्तर तिथे वेगळं दिसतं. चिकटवलेलं म्हणजे चोरीचंच असं मात्र धरू नका. नेटवर्क जातं म्हणून पुष्कळ मुलं फोनच्या नोट्समध्ये लिहून मग इथे आणतात. शंका आली तर दोन मिनिटं तोंडी विचारावं, तेवढ्यात उलगडा होतो.

सामाईक नकाशा

भूगोलासाठी आमची पहिली पसंती हीच. प्रत्येक मुलाने आपल्या जवळची एक मानस, बांध किंवा पोंय (मानशीजवळचा पाणी साठणारा खोलगट भाग) शोधायची. तिचे अक्षांश-रेखांश, एक फोटो, फोटोची वेळ आणि तीन वाक्यांचं निरीक्षण पाठवायचं. वर्गाचं काम एकत्र आलं की मांडवी, झुआरी, शापोरा आणि साळ या नद्यांकाठी खाजनं कुठे दाट आहेत ते नकाशावर उमटतं. सत्तरी किंवा सांगेच्या आतल्या भागातल्या मुलांना खाजन जवळ नसतं. त्यांना कुळागराचा (सुपारी-मसाल्याच्या बागेचा) पाट किंवा झरीचं पाणी द्या. खाजन सत्तरीच्या डोंगरात का नाही, हा प्रश्न मग त्याच नकाशावरून विचारता येतो.

गूगलच्या माय मॅप्समध्ये सगळ्या वर्गाला संपादनाचा अधिकार देणं ही नेहमीची चूक. एकाने दुसऱ्याचा बिंदू उडवला तर कोणी उडवला ते सापडत नाही. त्यापेक्षा गूगल फॉर्म करा, उत्तरं शीटमध्ये घ्या आणि ती शीट शिक्षकाने माय मॅप्समध्ये आयात करावी. एका थरात २,००० बिंदू मावतात, थर १० पर्यंत घेता येतात. एका वर्गाला हे कितीतरी जास्त झालं, पण तालुकावार थर केले की रंग वेगळे देता येतात. फॉर्ममध्ये फोटो चढवायचा रकाना ठेवला तर मुलाला गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं, आणि फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातात. प्रत्येकी ४ फोटो धरले, एकेक ४ एमबीचा, तर ४० मुलांचे ६४० एमबी. फुकटच्या खात्यात एकूण १५ जीबी असतात आणि त्यातच तुमचा जीमेलही असतो.

चुका ठरलेल्या आहेत, त्यामुळे अडवताही येतात.

पहिली अदलाबदलीची. पणजी साधारण १५.४९ उत्तर, ७३.८३ पूर्व. हे आकडे उलटे भरले की पणजी नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या वाटेवरच्या समुद्रात जाऊन पडते. मुलं हसतात, पण अक्षांश म्हणजे काय ते तेव्हा पक्कं बसतं.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. १५ अंश २९ मिनिटं हे १५.२९ असं लिहिलं जातं. खरं दशांश रूप १५.४८. नुसत्या अक्षांशात बिंदू २१ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. रेखांशातही तेच केलं, ७३ अंश ५० मिनिटांचे ७३.५० झाले, की पणजी अरबी समुद्रात.

फॉर्मच्या उत्तर-पडताळणीत अक्षांश १४.८ ते १५.९ आणि रेखांश ७३.६ ते ७४.४ एवढीच मर्यादा घाला. अदलाबदल तिथेच अडते, आणि समुद्रातली पणजीही. फोंड्याचा बिंदू मात्र निसटतो. १५ अंश २४ मिनिटं, ७४ अंश १ मिनिट हे १५.२४ आणि ७४.०१ असं भरलं तर दोन्ही आकडे मर्यादेत बसतात आणि फोंडा गुपचूप सासष्टी तालुक्यात, चांदरच्या बाजूला उतरतो. यावर उपाय म्हणजे दशांशानंतर पाच आकडे मागायचे. ज्याने दोनच दिले त्याने बहुधा मिनिटं लिहिली आहेत. फोनवर गूगल मॅप्समध्ये जागेवर बोट दाबून धरलं की शोधपट्टीत पुरते आकडे येतात, तेच उतरवायला सांगा. पाचवा आकडा जवळजवळ एक मीटर दाखवतो. फोनचं जीपीएस उघड्यावर साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं, माडांखाली किंवा पणजीतल्या फोंतेन्हाशच्या अरुंद गल्लीत ते त्याहून बरंच जास्त चुकतं. म्हणून बिंदू मानशीच्या थोडा बाजूला पडला तर गुण कापू नयेत.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आकसतो आणि त्यातली जागेची नोंद पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. फोटो खरंच तिथला आहे का, एवढं पाहायला ही नोंद पुरते.

वेळ का मागायची तेही मुलांना सांगा. मानशीची दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीत सोडतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्याने त्याच वेळी गेलं तर सुमारे सहा तासांचा फरक पडलेला असतो आणि चित्र उलटं दिसतं. जमल्यास दोन भेटी, घड्याळात तीच वेळ, सात दिवसांचं अंतर: दोन फोटोंत अख्खी यंत्रणा कळते. पावसाळ्यात मात्र बांधावर कोणालाही पाठवू नका. बांध निसरडे असतात आणि खचतातही.

ध्वनिमुलाखत

इतिहास आणि समाजशास्त्राला हिच्या तोडीचं काही नाही. तपासण्याचा वेळ मात्र आधीच मोजून घ्या.

दहा मिनिटांची मुलाखत १२८ केबीपीएसला सुमारे १० एमबी होते. ४० मुलांच्या ४०० एमबी. फाइलींचा प्रश्न येत नाही, प्रश्न येतो लिहून काढण्याचा. सरावाशिवाय दहा मिनिटांचं बोलणं लिहायला मुलाला तास सहज लागतो आणि अर्धा वर्ग तिथेच गळतो. त्यामुळे पूर्ण लिप्यंतर मागू नका. दर मिनिटाला कशाबद्दल बोलणं चाललं आहे याची एकेका ओळीची सूची, आणि सर्वांत महत्त्वाच्या दोन मिनिटांचं शब्दशः लिप्यंतर, एवढं पुरे. सूचीतल्या मिनिटावर जाऊन तुम्हाला खात्री करता येते.

फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा. टेबलावरची प्रत्येक टकटक रेकॉर्ड होते. पंखा बंद. फोन विमान मोडवर, नाहीतर मधे कॉल आला की काही फोनांत रेकॉर्डिंग तुटतं. पत्र्याच्या छपराखाली पाऊस चालू असेल तर दुसरा दिवस धरा. सुरुवातीलाच नाव, तारीख आणि 'हे वर्गात ऐकवायला माझी हरकत नाही' असं आवाजात घ्यावं. हरकत असेल तर तेही आवाजात, आणि मग फाइल शिक्षकापुरती राहील.

भाषेचा पेच गोव्यात हमखास येतो. आजी बोलणार कोंकणीत, उत्तरपत्रिका इंग्रजीत किंवा मराठीत. कोंकणी बोलणं मराठीच्या आवाज-टायपिंगला दिलं तर बाहेर येतं ते ना हे ना ते. त्याहून महाग पडतात ते हरवलेले शब्द. 'कूळ' आणि 'मुंडकार' दोघांनाही इंग्रजीत सर्रास 'टेनंट' लिहिलं जातं. कूळ जमीन कसतो. मुंडकार भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहतो. दोघांसाठी कायदेही वेगळे झाले, १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा. भाषांतरात हा फरक पुसला की मुलाखतीतला जीवच जातो. म्हणून किमान पाच मूळ शब्द जसेच्या तसे ठेवून प्रत्येकाचा अर्थ दोन ओळींत लिहायला लावा, आणि त्याला वेगळे गुण ठेवा.

तारखांचा पडताळाही हवा. १९ डिसेंबर १९६१ ची गोव्याची मुक्ती किंवा गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल यांबद्दल बोलणाऱ्याचं तेव्हाचं वय विचारायचं. जन्म १९५८ चा असेल तर मुक्तीच्या वेळचं 'पाहिलेलं' बहुधा घरात ऐकलेलं असतं. ते खोटं ठरत नाही, पण त्याची नोंद 'ऐकीव' अशी व्हायला हवी. कौलाच्या आठवणीत फूल आणि दोन पानं ही चिन्हं येतात. कुठलं विलीनीकरणाचं आणि कुठलं संघप्रदेशाचं हे उलटं सांगणारेही भेटतात. फूल विलीनीकरणाचं. आठवण कुठे घसरते ते मुलांना इथे आयतंच दिसतं, त्यामुळे अशी चूक सापडली तर ती दुरुस्त करून लपवू नये, तिच्यावर टीप लिहायला सांगावी.

उपग्रहचित्रांची जोडी

गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघता येतात. पेडण्यात मोपाचं पठार विमानतळाआधी आणि नंतर, डिचोली-सांग्यातल्या खाणी २०१२ ची बंदी आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्या अलीकडे-पलीकडे: विषय आयते आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे चित्र जवळपास मिळतच नाही, म्हणून जोडी एकाच महिन्याची घ्या, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीची. ऑक्टोबरचं हिरवं पठार आणि मे महिन्यातलं तपकिरी पठार शेजारी ठेवून 'जंगलतोड' सिद्ध करणारी उत्तरं येतातच. खाजनाची जोडी आणखी फसवी, कारण एक चित्र भरतीचं आणि दुसरं ओहोटीचं असू शकतं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि प्रमाणपट्टी नसेल तर काम परत पाठवा, गुणांची बोलणी नंतर.

हे फोनवर जमतं, पण डोळे ताणून. शाळेत संगणक-कक्षाचे दोन तास मिळणार असतील तरच घ्यावं.

पाचवा प्रकार म्हणून नकाशाकथेचा मोह होतो: स्टोरीमॅपसारख्या साधनात एकेका जागेवर चित्र आणि मजकूर. बीएच्या वर्गाला ठीक, शाळेत मुलांचा वेळ सजावटीत जातो. घ्यायचीच तर जिथे जागा आणि क्रम दोन्ही महत्त्वाचे आहेत असा विषय हवा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धास्तीने देव हलवले गेले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. तिन्ही वाटा झुआरी ओलांडून फोंड्यात का पोचतात, हे नकाशाशिवाय सांगणं अवघड. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता.

आता साधन

वर्ग एक, शिक्षक एक, तांत्रिक मदत नाही: क्लासरूम. महाविद्यालयाचं स्वतःचं मूडल कोणीतरी सांभाळत असेल तर तेच बरं, आणि ते भूगोलाच्या एका खास कारणासाठी: त्यात रिकाम्या नकाशावर खुणा ओढून ठेवायचा प्रश्न करता येतो आणि तो आपोआप तपासला जातो. बारा तालुक्यांचा कोरा नकाशा एकदा चढवला की दरवर्षी चालतो. लघुत्तरं ठेवलीत तर मान्य उत्तरांत झुआरी, जुवारी आणि इंग्रजी रूप सगळं घाला, नाहीतर बरोबर उत्तराला शून्य मिळतं. जुन्या श्रीलिपी-कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टच्या फाइलींतले प्रश्न थेट चिकटवू नका, मुलांना अक्षरांचा कचरा दिसतो.

व्हॉट्सॲप हे नेटवर्क कच्चं असलेल्या ठिकाणी सूचना द्यायला आणि अडल्यास काम घ्यायला. वहीची सहा पानं सहा फोटो करून आली तर क्रम लागत नाही. ड्राइव्हच्या स्कॅनने एकच पीडीएफ करायची आणि फाइलीला हजेरी क्रमांक द्यायचा.

वर्षात दोनच स्वाध्याय झेपणार असतील तर भूगोलवाल्यांनी पहिल्या सत्रात चित्रांची जोडी घ्यावी, कारण ती पावसातही वर्गात बसून होते, आणि नकाशा नोव्हेंबरनंतर. इतिहासवाल्यांनी मुलाखत दिवाळीच्या सुट्टीत द्यावी, आजी-आजोबा तेव्हा घरी भेटतात. चाळीस जण झेपत नसतील तर चौघांचा गट करून दहाच मुलाखती घ्याव्यात. २० गुण असे वाटता येतील: जागा किंवा स्रोताचा नेमकेपणा ५, पुरावा ६, स्पष्टीकरण ७, मांडणी २. मांडणीला याहून जास्त दिलेत की पुढच्या वर्षी सगळे फॉन्ट रंगवत बसतात.