पुदिना, गवती चहा, कढीपत्ता: सावलीत वाळवायचा की ड्रायरमध्ये?

खानापूरच्या वहिनींच्या परसात पुदिना आणि गवती चहा माजलाय. "सावलीत वाळवू की ड्रायर घेऊ, सांगा की," त्यांनी विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय.

सावलीला सूप आणि सुती कापड पुरतं. ड्रायरला यंत्राची किंमत, वर वीज: ४०० वॉटचा ८ तास सलग चालला तर ३.२ युनिट.

खरा प्रश्न हवेचा. फेब्रुवारी-मार्चात बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं हवा कोरडी असते. माळ्यावर पातळ पसरलेला पुदिना चार-पाच दिवसांत कुरकुरीत होतो, रंगही राहतो. जूननंतर खानापूरकडं मात्र डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात. पानं सुकायच्या आधीच काळवंडतात, बुरशी धरते. गेल्या आषाढात माझा सूपभर कढीपत्ता असाच गेला, जिवाला फार लागलं. अशा दिवसांत ड्रायरच. पण ४० अंशांच्या आसपासच ठेवा. जास्त तापला की वासाचं तेल उडतं आणि नुसता पाला उरतो.

साठवण दोन्हीची सारखीच. काचेची कोरडी बरणी, अंधारं कपाट, पानं अखंड. चुरा वापरतानाच करायचा. पहिल्या आठवड्यात बरणीला आतून ओल धरली तर लगेच काढून परत वाळवा.

कुंडीत दोन-चार रोपं असतील किंवा वर्षाचं सगळं उन्हाळ्यातच करत असाल, तर सावली पुरे. वहिनींचा पाला ऐन पावसात तयार होतो. त्यांनी ड्रायर घ्यावा.