नोझल साफ केल्याचे साडेनऊ हजार, अन् नोझलला हातसुद्धा लावला नाही

डिझेल गाडी असणाऱ्यांनी, त्यातही धुळे-सोलापूर हायवेनं जाणं-येणं असणाऱ्यांनी हे वाचाच. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर. ते साफ केल्याच्या नावाखाली माझे ९,५०० रुपये गेले.

बीडहून लातूरला निघालो होतो. मांजरसुंब्याच्या घाटात गाडीनं पिकअप सोडला, मिसिंग करायला लागली, इंजिनची पिवळी लाइट लागली. घाट कसाबसा चढून पुढे रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गाडी घातली. मिस्त्रीनं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायचं यंत्र) लावला नाही, नुसतं दोनदा रेस करून आवाज ऐकला. "साहेब, चारी नोझल चोक झालेत. पंप बी जाऊ लालाय. आज साफ केलं तर दहाच्या आत भागंल, नाही तर पंपासकट चाळीस-पन्नास हजाराला झटका हाय." सोबत म्हातारी आई, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. "तासभर लागतो, समोर चहा घेऊन या," म्हणाला.

परत आलो तर बरणीत काळं कुळकुळीत डिझेल अन् हातात एक जुना फिल्टर. "बघा काय घाण निघाली!" गाडी झकास पळत होती. पैसे दिले.

लातुरात ओळखीच्या पंप-नोझलवाल्याकडे सहज दाखवली. त्यानं इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं अन् मला वाकून बघायला लावलं. नोझलच्या क्लॅम्पच्या बोल्टांवर तेलकट धुळीचा थर जसाच्या तसा. पाना लागला असता तर बोल्टाच्या कडा चकाकल्या असत्या. रिटर्न पाइपच्या (नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) क्लिपांवरही तीच सुकलेली माती. मग डिकीतला 'माझा' जुना फिल्टर बघून तो हसायलाच लागला. दोन्ही टोकांना नळ्या असलेला तो छोटा स्टीलचा डबा जुन्या पेट्रोल गाडीचा होता. माझ्या गाडीचा फिल्टर चांगला मोठा, खाली पाण्याच्या सेन्सरची वायर असलेला.

झालं होतं एवढंच, की फिल्टरमध्ये पाणी साचलं होतं. घाटातल्या मिस्त्रीनं खरा फिल्टर बदलला, टाकीत क्लीनरची एक बाटली ओतली अन् चार नोझलचे पैसे लावले. फिल्टर हजार-दीड हजारात येतो.

नोझलचं खरं काम कसं चालतं ते लातूरच्या नोझलवाल्यानंच सांगितलं. आधी स्कॅनर लावतात. मग प्रत्येक नोझलच्या रिटर्नला बाटली जोडून कोणत्यातून किती डिझेल परत येतंय ते मोजतात. दोष दिसला तरच नोझल काढून लॅबमध्ये मशीनवर फवारा तपासतात. बसवताना तांब्याचे वॉशर नवे लागतात, अन् बऱ्याच गाड्यांत नोझल बदलला तर त्यावरचा कोड स्कॅनरनं भरावा लागतो. साध्या पेट्रोल गाडीत तीन-चार बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) काम भागतं, कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे आजच्या डिझेल गाड्यांत, दाब हजार बारच्या वर जातो अन् नोझलची भोकं केसाएवढी. धुळीत, रस्त्याकडेला, तासाभरात हे होत नाही. खरंच कुणी तिथं उघडले असते तर कचरा आत जाऊन चांगले नोझल बिघडले असते. म्हणजे मिस्त्रीनं काम केलं नाही हेच बरं झालं म्हणायचं!

पेट्रोलवाल्यांनी हसू नये. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मुख्य फिल्टर टाकीतच, पंपासोबत असतो. तो बदलायला बहुतेक वेळा मागचं सीट उचलावं लागतं. सीट न हलवता 'फ्युएल फिल्टर बदलला' असं बिल आलं तर तिथंच विचारा. अन् पेट्रोल पंपावर "बाटली टाका, ॲव्हरेज वाढंल" म्हणणाऱ्या पोरांना सरळ नको म्हणा. पेट्रोलमध्ये भेसळीचा संशय असेल तर पंपावर ती तपासायचा फिल्टर पेपर मागा. तो फुकट द्यावा लागतो.

डिझेल फिल्टरमधलं पाणी गाडीच्या पुस्तकात दिलंय तेव्हा काढून घ्या, पावसाळ्यात जास्तच लक्ष ठेवा. काम करून घेताना शक्यतो बॉनेटजवळ उभे राहा अन् सुरू करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

मला कामाला आला तो त्या मिस्त्रीनंच दिलेला बिलाचा कागद. जीएसटी नंबर नसलेला, पण त्यावर 'इंजेक्टर सर्व्हिस ४ नग' असं लिहिलेलं. पैसे यूपीआयनं गेलेले, त्याचीही नोंद होती. बोल्टांचे फोटो पाठवून फोन केला तर म्हणाला, "बाटली टाकली ना साहेब, तेच क्लीनिंग!" मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, हेही त्याला ऐकवलं. त्यानंतर ६,००० परत आले. बाकीचे फिल्टरचे अन् मजुरीचे म्हणे. मजुरी कशाची, ते मात्र सांगेना.