बाईकला नकाशा लावायला फोन घेतला, त्यात जीपीएसच नव्हतं

आधी आकडे सांगतो, म्हणजे हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. फोन ५,२०० रुपये, हँडलचा होल्डर ६५०, बाईकच्या बॅटरीवर चालणारा चार्जर ४००. झाले ६,२५०. नंतर तो फोन उघडून आत काय आहे ते दाखवणाऱ्याने १५० घेतले. एकूण ६,४०० रुपये. मेव्हण्याने ऐकलं आणि म्हणाला, "काय भो, एवढ्यात तर अख्ख्या खान्देशचा नकाशा छापून आणला असता." हसला, जेवला, गेला. तरी लिहितोय, कारण ज्या जाहिरातीवरून मी तो फोन घेतला, तीच आता चोपडा-यावलकडच्या ग्रुपांवर फिरताना दिसली.

बाईकवर नेव्हिगेशनला स्वस्तातला जुना फोन लावणं यात काही वेडेपणा नाही, हे मी आजही म्हणतो. माझी नोकरी कीटकनाशकांच्या कंपनीत, फिरतीची. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता तोंडपाठ आहे, पण रस्ता सोडून आत शिवारात शिरलं, की कुठल्या बांधावरून वळायचं ते नकाशाच सांगतो. आधी चांगला फोन हँडलला लावायचो. कॅमेऱ्यात फोटो हलू नये म्हणून आतलं भिंग जरा सुटं, तरंगतं ठेवलेलं असतं. इंजिनाच्या थरथरीने त्याची वाट लागते. ॲपलने २०२१ साली स्वतः हे जाहीर सांगितलंय. माझ्या फोनचा कॅमेरा तसाच गेला, दुरुस्तीला ७,८०० सांगितले. मग ठरवलं, हँडलला दुसरा साधा फोन. घरच्या वायफायवर जिल्ह्याचा नकाशा उतरवून घ्यायचा. जीपीएसला सिम लागत नाही, नेट लागत नाही, उपग्रहांकडून सिग्नल नुसता घ्यायचा असतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत तापून बंद पडला, पावसात भिजला, तरी जीव जळणार नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'रायडर स्पेशल, जीपीएस एकदम ओके, ५,८००'. विकणारा पोरगा बोलायला फार गोड. दादा, दादा करत होता. मी शोरूममधून नवा का नाही घेतला असं विचारणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की हँडलवर धूळ खायला ठेवायच्या वस्तूवर दहा-अकरा हजार कोण घालतं?

जिल्ह्याच्या गावी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भेटलो. फोन दिसायला नवाकोरा, नावाजलेल्या कंपनीचा शिक्का. सेटिंगमध्ये रॅम, स्टोरेज, अँड्रॉइडचा नंबर, सगळं जाहिरातीप्रमाणे. (हे आकडे खोटे दाखवता येतात. सेटिंगमध्ये लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.) मी म्हटलं, नकाशा उघडून दाखव. तो म्हणाला, "दादा, सिम कशाला टाकता, माझा हॉटस्पॉट घ्या." त्याने स्वतःच पासवर्ड टाकला, नकाशा उघडला, आणि निळा ठिपका बरोबर स्टँडवर आला.

इथेच कळायला हवं होतं. त्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ होतं, आणि त्या वर्तुळात स्टँड, समोरचं लॉज, पलीकडचा पेट्रोल पंप, सगळंच बसत होतं. म्हणजे फोन म्हणत होता, की मी या सगळ्यात कुठेतरी आहे. खरं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली ते वर्तुळ पाच-दहा मीटरवर आणतं. मी विचारलंसुद्धा, एवढं मोठं वर्तुळ का? तो म्हणाला, "पत्रा आहे ना वर." आणि पत्रा खरंच होता! पत्र्याखाली सिग्नल कमी मिळतो, हे मला माहीत होतं, म्हणून तर पटलं. अडाणी माणूस असता तर उलट म्हणाला असता, चल बाहेर, तिथे दाखव. चार पावलांवर मोकळं मैदान होतं. पण दुपारचे दोन वाजलेले, आणि एप्रिलच्या उन्हात आमच्याकडे दोनला कोण बाहेर जातं? त्याने वेळ मुद्दाम तीच दिली असणार, असं आता वाटतं.

५,२०० वर सौदा ठरला. ५,००० यूपीआयने, २०० रोख. क्यूआरवर भलत्याच बाईचं नाव आलं. "ताईचं खातं आहे." खात्यावरचं नाव आणि समोरचा माणूस वेगळा असेल तर पैसे देऊ नका, ताई असो नाहीतर मावशी.

पुढचे काही दिवस कळलंच नाही, कारण मी माझ्याच मोठ्या फोनचं नेट त्याला देत होतो. जीपीएस नसलं तरी फोन आसपासचे वायफाय आणि टॉवर बघून, नेटवरून विचारून, अंदाजाने जागा सांगतो. गावात ते खपून जातं. शिरपूर-शहादा रस्त्यावर ठिपका बेडकासारखा उड्या मारायचा, मी समजायचो, स्वस्तातला आहे, सुस्त असेल. मग एकदा शहाद्याहून धडगावकडे निघालो. म्हसावद सोडून सातपुड्याची चढण लागली, रेंज गेली, आणि ठिपका म्हसावदलाच बसून राहिला. मी घाटात आणि फोनच्या मते अजून म्हसावदला! फाटा चुकलो, खडीचा रस्ता संपून नुसती पायवाट उरली, एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याने हाताने दिशा दाखवली तेव्हा परत रस्त्याला लागलो.

घरी येऊन अंगणात, मोकळ्या आभाळाखाली, उपग्रह दाखवणारं फुकट ॲप टाकलं. जागा कळायला किमान चार उपग्रह लागतात. माझ्या मोठ्या फोनवर ते बघता बघता भरभर दिसू लागले. याच्यावर शून्य. तासभर ठेवला, शून्यच. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं आणि नखाने दाखवलं, जीपीएसच्या अँटेनाची जागा कोरी. बोर्ड एकाचा, झाकण दुसऱ्याचं. "दादा, हा तर जुळवलेला माल."

मग आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, तपासला. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की १५ आकडी नंबर येतो. तो इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून नंबर, असा १४४२२ वर मेसेज करा, किंवा सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर टाका. तो नंबर कुठल्या कंपनीच्या कुठल्या मॉडेलचा ते कळतं. मला उत्तर आलं, ते दुसऱ्याच कंपनीच्या बटणांच्या फोनचं! हे पैसे देण्याआधी टपरीवर बसून करायचं काम आहे, दोन मिनिटांचं. विकणारा "नंतर करा ना" म्हणाला की उठायचं.

पोराला फोन केला. आधी "बदलून देतो, सोमवारी या", मग "गावाला आहे", मग नंबर बंद. या बदलून देतोच्या नादात वेळ गेला. तुम्ही असं करू नका. फसलात असं वाटल्याक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून उडण्याआधी तक्रार गेली तरच ते अडवता येतात.

आता सरकारी पायऱ्यांचं ऐका. आमच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार जिथे झाला तिथे जा. मी म्हटलं, साहेब, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यायचा असतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आरोपी. तिथून पाठवलं म्हणून तिकडे गेलो. तिकडचे म्हणाले, पैसे यूपीआयने दिले ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी सांगितला नाही, लिंक उघडली नाही, समोर बसून चहा पिऊन पैसे दिले, यात सायबर काय आहे? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर विचारलं, बिल कुठंय? विकणाऱ्याचा पत्ता? टपरीवर बिल देतं का कोणी! पत्ता असता तर मी त्या खिडकीवर कशाला आलो असतो?

आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. हे सगळं मी वाचून गेलो होतो, छापून नेलं होतं. हवालदाराने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "शिकलेले दिसता, मग असं कसं झालं?" शिकलेल्याला फसवलं तर गुन्हा होत नाही का? आणि निघताना तोच माणूस हळूच म्हणतो, सहा हजारांत पोरासाठी चांगला फोन कुठला मिळेल? शेवटी अर्ज ठेवून घेतला. गुन्हा नोंदवलेला नाही, नुसता अर्ज. पोच मागितली तर शिक्क्याची शाई वाळली होती, म्हणून परत यायला सांगितलं. पोच मात्र सोडू नका. मी पुन्हा जाऊन घेतली.

एवढं होऊनही हँडलला फोन आहेच. भावाच्या पोराचा तडकलेल्या काचेचा जुना फोन आहे, फुकटातला. सिम काढलं, नेट बंद केलं, गच्चीवर उघड्यावर धरला. मिनिटभरात ठिपका आमच्या घरावर. हीच परीक्षा. वायफाय बंद, नेट बंद, सिम बाहेर, डोक्यावर आभाळ. मग पन्नास पावलं चाला, ठिपका तुमच्यासोबत चालला पाहिजे. विकणाऱ्याचा हॉटस्पॉट घेऊ नका, आपला पण देऊ नका. उन्हाचं निमित्त तर अजिबात ऐकू नका.

जाहिरात आता नव्या नंबरावरून येतेय, भाव ५,५०० झालाय. फोटो तोच: फोन हिरव्या प्लास्टिकच्या टेबलावर, डाव्या कोपऱ्यात टेबलाला सिगारेटचा जळका डाग. तुमच्या ग्रुपवर आला तर खोडून टाकू नका, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, माझ्या अर्जाला जोडायचाय.