‘तुम्ही बनवा, माल आम्ही उचलतो’ : साबणाच्या नावाखाली माझे ७९,४७९ रुपये गेले

घरबसल्या साबण बनवा, तयार माल आम्हीच उचलतो, अशी जाहिरात दिसली तर त्या नंबरवर नुसतं ‘माहिती हवी’ असंही पाठवू नका. हा प्रकार अगरबत्तीत झालाय, पेन्सिल पॅकिंगमध्ये झालाय, फुलवातींत झालाय. आधी डिपॉझिट घ्यायचं, त्यांचाच कच्चा माल आपल्या गळ्यात मारायचा, पहिला छोटा लॉट पैसे देऊन उचलायचा आणि मोठा लॉट तयार झाला की नाकारायचा. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण साबणात फसवणाऱ्याच्या हाती दोन गोष्टी जास्तीच्या असतात. एक सुगंध, आणि दुसरी साबण मुरायला लागणारी मुदत. त्या दोन्हींनी माझा घात केला. लिहिताना अजून डोकं तापतं, पण आकड्यांसकट लिहिते.

मी दर दिवाळीला तयार ग्लिसरीन बेस वितळवून त्यात उटणं घालून साबण करायचे. सोसायटीत आणि नात्यात सगळा संपायचा. म्हणून बचत गटाच्या ग्रुपवर ही जाहिरात आली तेव्हा वाटलं, आपल्याला जमणारं काम आहे. टाकणाऱ्या ताई ओळखीच्या होत्या. त्यांचेही पैसे अडकलेले होते आणि ‘तीन जणी आणल्या तर तुमची अनामत आधी सोडवू’ असं त्यांना सांगितलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यामुळे ओळखीच्या माणसाने पाठवलंय म्हणून खरं असेल, हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

पुण्याच्या एका उपनगरात भाड्याचा गाळा, भिंतीला फ्लेक्स, आत टेबलं मांडलेली आणि बायकांनी भरलेला वर्ग. प्रशिक्षणाचे ७,५०० रुपये. शिवाय ‘सरकारी परवान्याचे’ २,९९९. हा परवाना म्हणजे उद्यम नोंदणी निघाली. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन असलं की घरी बसून फोनवरून होते, एक रुपया लागत नाही. आणि तो साबणाचा परवाना नाहीच. अंगाचा साबण विकण्यासाठी बनवायचा तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून सीओएस-८ हा परवाना घ्यावा लागतो. वर्गात याचं नावही कुणी काढलं नाही. पुढे हाच नसलेला परवाना माझ्या अंगावर आला.

पहिला लॉट त्यांनीच दिलेल्या बेसचा. शंभर वड्या, वडीला ६५ रुपये, म्हणजे ६,५०० रुपये. माल दिला आणि त्याच आठवड्यात पैसे खात्यात जमा. घरात सगळ्यांना मेसेज दाखवला मी. ज्यांनी कधी असे पैसे हातात घेतले नाहीत त्यांना ‘पहिला लॉट म्हणजे गळाला लावलेलं आमिष असतं’ हे बोलणं सोपं जातं. माणूस पैसे देतोय, वेळेवर देतोय, तर त्याच्यावर संशय कशाच्या जोरावर घ्यायचा?

मग म्हणाले, ताई, बेसमध्ये नफा नाही, आता तेल आणि कॉस्टिक सोड्याचा खरा साबण करा, हजार वड्यांची ऑर्डर आहे, ६५,००० रुपये. त्यासाठी मोल्ड, कटर, ब्लेंडर, वजनकाटा असं किट १८,५०० रुपये. खोबरेल, पाम, एरंडेल आणि कॉस्टिक १६,२५० रुपये. सुगंधी तेलं २१,६०० रुपये. अनामत १५,००० रुपये. या टप्प्यावर माझे ७१,३५० गेले. त्यातले ४०,००० गटाचं कर्ज.

आता त्या बाटल्यांबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच होतं, माझ्या डोळ्यांसमोर.

टेबलावर तीन पांढरे कॅन होते. चंदन, मोगरा आणि खस. त्यांनी आमच्यासमोर ते तपकिरी काचेच्या बाटल्यांत भरले. भरण्याआधी मी काचेच्या मापात बघितलं तर तिन्ही तेलं पाण्यासारखी, रंगहीन. तिन्ही! खसाचं खरं तेल दाट असतं, बाटलीतून सावकाश सरकतं आणि रंगाने मधासारखं ते पार तांबूस-तपकिरी असतं. चंदनाचं फिकट पिवळं. मोगऱ्याचं तर नुसतं वाफेवर काढलेलं शुद्ध तेल बाजारात सहसा मिळत नाही. ते फूल उष्णता सोसत नाही, त्याचा अर्क द्रावकाने काढतात, त्याला अॅब्सोल्यूट म्हणतात, तो गडद असतो आणि भयंकर महाग. तीन वेगळ्या वनस्पती, एक लाकडातून, एक मुळांतून, एक फुलातून, आणि तिन्ही तेलं नळाच्या पाण्यासारखी दिसतात, हे कसं शक्य आहे?

मी विचारलं होतं. गप्प बसले नव्हते. ‘सर, यांना रंग कसा नाही?’ ते हसून म्हणाले, ‘ताई, रिफाइन केलंय, नाहीतर तुमचा साबण पिवळा पडेल आणि आम्ही परत घेणार नाही.’ यात खोटं कुठे दिसतं सांगा. रंगीत तेलाने साबणाचा रंग बदलतोच, व्हॅनिला असलेल्या सुगंधाने तर वडी चॉकलेटी होते. अर्धं खरं इतक्या सफाईने सांगितलं की पुढचा प्रश्न माझ्या तोंडात राहिला. कागदाची चाचणीही मी केली होती. तेलाचा थेंब कागदावर टाकायचा, शुद्ध असेल तर उडून जातं आणि डाग राहत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. डाग राहिला. ते म्हणाले, चंदन आणि खस जड तेलं, त्यांचा डाग राहतोच. हेही खरं आहे! लिंबू, निलगिरी, पुदिना यांच्यासाठी ती चाचणी ठीक, जड तेलांना ती लागू पडत नाही. त्यांनी विकायला नेमकी हीच तेलं का निवडली ते आता कळतं.

भाव मात्र खोटं बोलत नाही. चंदन १ लिटर ९,६०० रुपये, मोगरा ६,४००, खस ५,६००. आपल्या देशी चंदनाचं अस्सल तेल किलोला लाखाच्या वर जातं. झाड वाढायलाच वर्षानुवर्षं लागतात, तेल फक्त गाभ्याच्या आणि मुळाच्या लाकडात, आणि किलोभर तेलाला साधारण वीसेक किलो तसं लाकूड. ९,६०० रुपयांत लिटर कुणी देऊच शकत नाही. पण घाऊक भाव घरी साबण करणाऱ्या बाईला सांगणार कोण? दुकानात वीस मिलीच्या बाटलीवर ‘शुद्ध चंदन’ लिहून दीडशे रुपयांना विकतात, तेव्हा कुणी हटकतं का? त्या भावाची सवय आपल्याला बाजारानेच लावलेली आहे.

वर्गात त्यांनी फक्त बेस वितळवून दाखवला. कॉस्टिकला हात लावला नाही, त्याचा नुसता कागद वाटला. जो माणूस कॉस्टिक पाण्यात घालून दाखवत नाही, त्याच्याकडून कोल्ड प्रोसेस, म्हणजे तेल-कॉस्टिकचा साबण, शिकायला जाऊ नका. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही, आणि अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नाही, एवढंही त्या कागदावर नव्हतं. हे माझं मी शोधलं म्हणून हात-डोळे वाचले.

किलोभर तेलाला ३० ग्रॅम सुगंध, या मापाने कामाला लागले. चंदन आणि खस कसेबसे गेले. मोगरा घातला आणि काही सेकंदांत पातेल्यातलं मिश्रण गार पडलेल्या पिठल्यासारखं थिजलं. ब्लेंडर आतच अडकला. चमच्याने उकरून उकरून मोल्डमध्ये दाबलं, वड्या सगळ्या भोकाभोकांच्या झाल्या. फोन केला तर म्हणाले, तुम्ही जास्त फेटलंत. कुठलं जास्त फेटलं? कॉस्टिकच्या साबणात काही कृत्रिम सुगंध पडले की असं होतं, आणि ते विकणाऱ्याला माहीत असतं.

आता मुदतीचा खेळ बघा. हा साबण ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी मुरावा लागतो. करारात सहा आठवडे लिहून घेतले, वर ‘तपासणीसाठी’ आणखी दोन. म्हणजे पैसे भरून दोन महिने उलटेपर्यंत तुम्ही तक्रार करायचं कारणच नाही, वाट बघत बसायचं. त्यात साबणातलं पाणी उडतं आणि वजन घटतं. मोल्ड त्यांचा, ११० ग्रॅमचा. सहा आठवड्यांनी वडी ९७-९८ ग्रॅम भरली. करारातली अट, १०० ग्रॅमच्या खाली माल स्वीकारणार नाही! मोल्ड देतानाच त्यांना ठाऊक होतं की यातून निघालेली एकही वडी पास होणार नाही. आणि वास? खसाचा तर राहिलाच नव्हता. चंदनाच्या वडीला नाक लावलं की नुसत्या तेलाचा वास. व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं, ‘सुगंध टिकाऊ नाही, वजन कमी, लॉट नामंजूर, अनामत जप्त.’ सुगंध त्यांचा, जप्त माझे पैसे. त्यानंतर फोन बंद, गाळ्याला दुसऱ्याचं कुलूप.

माझी पुतणी रसायनशास्त्र शिकलेली आहे. तिच्या सांगण्यावरून चंदनाच्या बाटलीतला नमुना खासगी प्रयोगशाळेत दिला. ३,५०० आणि जीएसटी धरून ४,१३० रुपये. अस्सल चंदन तेलात आल्फा सँटलॉल हा मुख्य घटक ४१ ते ५५ टक्के असायला हवा. माझ्या नमुन्यात तो नव्हताच. जवळजवळ सगळं डायइथाइल थॅलेट, म्हणजे अत्तरं पातळ करायला वापरतात तो बिनवासाचा स्वस्त द्रव, आणि त्यात थोडा कृत्रिम सुगंध. भरले ८१,८४९, परत आले ६,५००, वर हे ४,१३०. एकूण ७९,४७९.

एवढा रिपोर्ट हातात घेऊन मी तक्रार करायला गेले. पुरावा माझ्याकडे, पावत्या माझ्याकडे, करार माझ्याकडे. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, ‘मॅडम, सही तुमचीच ना? मग ही दिवाणी बाब आहे.’ दुसऱ्याने सांगितलं, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुमचा ओटीपी कुणी चोरला नाही, तुम्ही स्वतः पाठवलेत, चौकीत जा. परत चौकीत गेले तर म्हणे गाळा आमच्या हद्दीत नाही. हद्दीचं कारण सांगून परत पाठवताच येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी बोलून दाखवलं तर ‘वकील आहात का?’ असं विचारलं. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते काय नुसतं छापायला आहे? बँकेत गेले, तर पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. बनावट तेल ‘शुद्ध’ म्हणून विकलं जातंय हे सांगायला एका कार्यालयात गेले, तर समोरच्या माणसाने रिपोर्टचं पहिलं पानसुद्धा उलटलं नाही. म्हणाला, ‘आधी तुमचा परवाना दाखवा. परवान्याशिवाय हजार वड्या बनवल्यात, कारवाई तुमच्यावरच होऊ शकते.’ म्हणजे ज्याने २,९९९ घेऊन खोटा परवाना दिला तो मोकळा, आणि मी गुन्हेगार! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर ऐकवलं, धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. हेही चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) खाली स्पष्ट लिहिलंय की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरायची नाही. ते कलम मी खिडकीवरच्या माणसाला छापून नेऊन दिलं. पगार त्याला, आणि कायदा वाचायचा मी?

एवढ्या ठिकाणी गेले, पण शिक्का मारलेली पोच कुणी आपणहून दिली नाही. मागून, भांडून घ्यावी लागली. पोच न घेता घरी आलात तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं समजा. चौकीत घेत नसतील तर अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, तशी तरतूद कलम १७३ मध्येच आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी वाट बघत बसले कारण करार मला दोन महिने थांबायला सांगत होता. तुम्ही थांबू नका.

सुगंधी तेल विकणारा जीसी-एमएस रिपोर्ट, म्हणजे तेलात कुठले घटक किती आहेत त्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट, दाखवत असेल तर त्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळतो का बघा. मला दाखवलेला कागद कुठल्यातरी भलत्याच बॅचचा होता. आणि बाटलीवर ‘फ्रेग्रन्स ऑइल’ असं सरळ लिहून विकणारा प्रामाणिक असतो, त्याचा साबण वाईट होत नाही. चीड आहे ती ‘शुद्ध’ म्हणून विकणाऱ्याची.

जिल्हा ग्राहक आयोगात मी ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. वड्या खोक्यांत पडून आहेत. त्यात काय आहे ते कळल्यावर मी त्या कुणाला फुकटही देणार नाही. गटाचा हप्ता चालू आहे. वर्गातल्या आणखी काही जणी आता पुढे आल्यात, आणि सारखी तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो, तो आम्ही करतोय. तुमच्यापैकी कुणी अशाच ठिकाणी पैसे भरले असतील आणि तेलाच्या बाटल्या अजून फोडल्या नसतील, तर त्या फोडू नका. सील तसंच ठेवा, लेबलचा, सीलचा आणि पावतीचा फोटो काढा. माझी चंदनाची बाटली उघडलेली होती, प्रयोगशाळेने ती घेतली, पण ‘नमुना उघडलेल्या अवस्थेत मिळाला’ असं रिपोर्टवर लिहून दिलं, आणि समोरचा वकील पहिल्यांदा तेच वाक्य वाचणार आहे.