निन्टेडॅनिब: देवगडच्या दमट हवेत, पुढच्या औषधाची वाट पाहताना

निन्टेडॅनिबने फुफ्फुसांचा फायब्रोसिस बरा होत नाही. हे सुरुवातीलाच लिहायला हवे, कारण औषधाच्या दुकानात पहिली स्ट्रिप हातात घेताना बहुतेक घरांची अपेक्षा तीच असते आणि पुढची बरीचशी निराशा तिथूनच सुरू होते. फुफ्फुसात आधीच तयार झालेले जाड, कडक तंतू हे औषध विरघळवत नाही. नवे तंतू तयार होण्याचा वेग ते कमी करते. एवढेच काम त्याच्याकडून अपेक्षिले तर ते आपला शब्द पाळते, असे माझे मत आहे. मात्र त्याला थंड व कोरडी जागा, वेळेवर पोटभर जेवण आणि नियमित रक्ततपासणी हवी असते, आणि किनारपट्टीवरच्या घराला हे सगळे पुरवताना बरीच कसरत करावी लागते. शिवाय हल्ली हे औषध घेणाऱ्या रुग्णाचे निम्मे लक्ष अजून हाती न आलेल्या दुसऱ्याच कुठल्या तरी औषधाकडे लागलेले असते, त्यामुळे त्या औषधांविषयी लिहिल्याशिवाय याचे परीक्षण पुरे होत नाही.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस (आयपीएफ), म्हणजे नेमके कारण न कळता फुफ्फुसे कडक होत जाण्याचा आजार आहे. त्यांचे आयुष्य हापूसच्या कलमांत गेले. कोरडा खोकला आणि चढण चढताना लागणारी धाप यांना आधी धूळ, मग वय आणि मग दमा अशी नावे मिळाली; अखेर कोल्हापूरला एचआरसीटी (फुफ्फुसांचे बारकाईने काढलेले सीटी स्कॅन) झाली तेव्हा खरे निदान हाती आले. डॉक्टरांनी सुरुवातीला पिरफेनिडोन दिले. ते औषध भारतात निन्टेडॅनिबच्या कितीतरी आधीपासून मिळते आणि त्याचा परिणामही जवळपास तेवढाच मानला जातो, पण त्याने त्वचा उन्हाला फार हळवी होते. शहरात घरात बसून राहणाऱ्या माणसाला याची झळ कमी लागत असेल. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत बागेत राबणाऱ्या माणसाला पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि क्रीम यांचा कितीसा आधार होणार? आप्पांच्या मानेवर आणि हातांवर भाजल्यासारखे लाल चट्टे उठले. ‘बागेत जाऊ नका’ हा सल्ला त्यांनी ऐकला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तो फार लावून धरला नाही. त्यानंतर डॉक्टरांनी औषध बदलले.

निन्टेडॅनिबची पूर्ण मात्रा म्हणजे १५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने, जेवणासोबत. कॅप्सूल मऊ जिलेटिनची असते आणि ती न फोडता, न चावता पाण्यासोबत गिळायची असते. ती २५ अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवावी आणि दमटपणापासून जपावी, अशी कंपनीची सूचना आहे. आमच्याकडे मे महिन्यात घरातले तापमान २५ अंशांखाली कधी येत नाही, आणि जून ते सप्टेंबर हवेत इतके पाणी असते की मिठाची बरणी ओली होते व चपलांना बुरशी धरते. आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे घालून ठेवायची प्लॅस्टिकची डबी पुष्कळ घरांत असते. त्या डबीत ही कॅप्सूल अजिबात काढून ठेवू नये. ती गिळायच्या क्षणापर्यंत मूळ स्ट्रिपमध्येच राहिली पाहिजे. आम्ही स्ट्रिपा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह माजघरातल्या लाकडी कपाटात ठेवतो, कारण भर उन्हाळ्यातही घरातली सर्वांत गार जागा तीच असते. एकदम तीन-चार महिन्यांचा साठा करण्याचा मोह टाळतो. दुसरीकडे, तालुक्याच्या दुकानात हे औषध मागणी नोंदवल्यावरच येते, आणि पावसात घाट बंद पडला की तेही लांबते. म्हणून एका महिन्याचे औषध हातात आणि पंधरा दिवसांचे शिलकीत, हा हिशेब आम्हाला मानवला आहे.

जुलाब हा या औषधाचा सर्वांत ठळक दोष आहे. ज्या मोठ्या चाचण्यांच्या आधारावर २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, त्यांतही औषध घेणाऱ्या दर दहांपैकी सहांहून अधिक जणांना जुलाब झाले होते. आप्पांनाही झाले. भूक गेली, वजन उतरले आणि माशाच्या आमटीचा वास नकोसा झाला, ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. काही आठवड्यांच्या चाचपडण्यातून एवढे कळले की सकाळची कॅप्सूल नुसत्या चहा-बिस्किटावर घेतली की दिवस वाया जातो. मऊ भात, कुळथाची पिठी आणि थोडे तूप असे जेवण आधी पोटात गेले तर पोट शांत राहते. नारळाच्या रसाचे दाट सार आणि तळलेली सुरमई मात्र बहुतेक वेळा महागात पडते. जुलाब सुरू झाल्याबरोबर घ्यायची लोपेरामाइडची गोळी डॉक्टरांनी आधीच लिहून दिली होती. तेवढ्याने भागेना तेव्हा मात्रा १०० मिलिग्रॅमवर आणली, आणि तेव्हापासून गाडी रुळावर आली आहे. मात्रा कमी केली म्हणजे औषध निरुपयोगी झाले, असा समज करून घेऊ नये. त्रास सोसवेना म्हणून एखाद्याने परस्पर औषधच सोडून देणे त्याहून कितीतरी वाईट. यकृताच्या तपासण्या सुरुवातीचे तीन महिने दरमहा आणि पुढे तीन महिन्यांनी कराव्या लागतात, आणि त्या गावातल्या प्रयोगशाळेतही होतात.

किमतीबद्दल थोडक्यात. २०२० च्या अखेरीपासून भारतीय कंपन्यांची निन्टेडॅनिबे बाजारात आली आणि मूळ ब्रँडच्या मानाने खर्च बराच खाली आला. तरीही हे औषध आयुष्यभराचे असल्यामुळे निवृत्तिवेतन नसलेल्या बागायतदाराच्या घराला त्याचा भार जाणवतोच.

आता परिणामाकडे वळू. मूळ चाचण्यांपैकी एकीत औषध न घेणाऱ्यांची फुफ्फुसाची क्षमता वर्षाला सुमारे २४० मिलिलीटरने घटली आणि औषध घेणाऱ्यांची सुमारे ११५ मिलिलीटरने. घट थांबली नाही, ती निम्म्यावर आली. आप्पांच्या पीएफटीच्या (फुफ्फुसाची क्षमता मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदांवरही असेच चित्र दिसते: आकडा खाली येतो, पण पूर्वी येत असे तितक्या वेगाने येत नाही. घरच्यांना हे दिसत नाही, कारण जे बिघडले असते पण बिघडले नाही, ते डोळ्यांना दिसायचे कसे? ‘गो बाय, ह्या औषधान मी बरो होतलंय काय?’ असे आप्पा सुरुवातीला विचारत. आता ते मुंबईच्या नातवाने फोनवर दाखवलेल्या बातमीचे पुढे काय झाले, ते विचारतात.

ती बातमी नेरँडोमिलास्टची. या नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिली. दहा वर्षांहून अधिक काळ नवे औषध न मिळालेल्या या आजारात ही मोठी गोष्ट आहे, आणि रुग्णांना हुरूप आला यात नवल नाही. पण आकडे शांतपणे वाचावेत. ११७७ रुग्णांच्या त्या चाचणीत ५२ आठवड्यांनंतर बनावट (औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या) गोळीवर असलेल्यांची क्षमता सुमारे १८४ मिलिलीटरने घटली आणि १८ मिलिग्रॅमची जास्त मात्रा घेणाऱ्यांची सुमारे ११५ मिलिलीटरने. फरक सुमारे ६९ मिलिलीटरचा, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढा. आजार अचानक उफाळणे, श्वसनाच्या कारणाने रुग्णालयात भरती होणे किंवा मृत्यू, या गोष्टी एकत्र धरून पाहिल्या तेव्हा त्या चाचणीत ठोस फरक दिसला नाही. जुलाब याही औषधाने होतात: जास्त मात्रेवर सुमारे ४१ टक्के, बनावट गोळीवर १६ टक्के. पिरफेनिडोनसोबत घेतल्यास रक्तातली त्याची पातळी खाली येते, हीदेखील ज्यांचे पिरफेनिडोन चालू आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलण्याची बाब आहे. यात नाउमेद करण्यासारखे काही नाही. त्या चाचणीतले तीन चतुर्थांशाहून अधिक रुग्ण आधीपासून निन्टेडॅनिब किंवा पिरफेनिडोन घेतच होते, म्हणजे नवे औषध जुन्याच्या जोडीलाही घेता येते. आप्पांना मी हेच सांगितले.

त्याहून सावध राहावे लागते ते अजून चाचणीतच असलेल्या औषधांबाबत. पॅम्रेव्हलुमॅब चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यात आशादायक ठरले होते. २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्यात ते अपयशी ठरले. झिरिटॅक्सेस्टॅटच्या चाचण्या २०२१ मध्ये मध्येच बंद झाल्या. बेक्सोटेग्रास्टच्या छोट्या चाचणीत काही रुग्णांची क्षमता चक्क वाढलेली दिसली होती, त्यामुळे जगभरच्या रुग्णांनी त्याच्यावर मोठी आशा ठेवली; २०२५ च्या सुरुवातीला सुरक्षितता समितीच्या सल्ल्याने त्याची मोठी चाचणी थांबवावी लागली. आणि हे नव्या औषधांपुरतेच खरे नाही. प्रेडनिसोलोनच्या जातीचे स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही त्रयी वर्षानुवर्षे आयपीएफच्या रुग्णांना दिली जात होती. नीट चाचणी झाली तेव्हा त्रयी घेणाऱ्यांत आठ मृत्यू झाले आणि बनावट औषध घेणाऱ्यांत एक, म्हणून २०११ मध्ये चाचणीतला त्रयी घेणाऱ्यांचा गट बंद करावा लागला. ‘अमक्याला स्टिरॉइडने आराम पडला, तुम्ही का देत नाही?’ असे विचारणारे पाहुणे आमच्याकडे अजून येतात. त्या अमक्याला बहुधा दुसराच आजार असतो. भारतातल्या २७ केंद्रांतील १०८४ रुग्णांची जी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ४७ टक्के रुग्णांना बुरशी, पक्ष्यांची विष्ठा अशा गोष्टींचे कण श्वासावाटे आत गेल्याने होणारा, ॲलर्जीसारखा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता आणि आयपीएफ सुमारे १४ टक्क्यांनाच. त्या आजारात स्टिरॉइडला जागा आहे. ओल धरणाऱ्या घरांच्या या मुलुखात निदान पक्के करून घेण्यावर खर्च करावा, असे म्हणूनच मी सुचवेन.

चाचणीत भाग घ्यावा का, हा प्रश्न आमच्या घरात गंभीरपणे चर्चिला गेला. भारतात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर करणे जून २००९ पासून बंधनकारक आहे, आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते: औषध कोणते, केंद्रे कोणत्या शहरांत, रुग्ण कसा हवा, नैतिक समितीची मान्यता आहे की नाही, हे सगळे तिथे सापडते. ही केंद्रे बहुधा मोठ्या शहरांतच असतात. कणकवलीहून रात्रीची गाडी पकडून, सोबत ऑक्सिजनची सोय करून, दर काही आठवड्यांनी मुंबई गाठणे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कितपत झेपेल, याचा विचार सहमतिपत्रावर सही करण्याच्या आधी व्हायला हवा, आणि प्रवासखर्च कोण देणार हेही तेव्हाच विचारावे. एक गोष्ट मात्र आमच्या डॉक्टरांनी ठासून सांगितली: बहुतेक चाचण्यांना फुफ्फुसाची क्षमता एका मर्यादेच्या वर असलेला रुग्ण लागतो. नेरँडोमिलास्टच्या चाचणीत ही मर्यादा अपेक्षित क्षमतेच्या ४५ टक्के होती. नव्या औषधाच्या आशेवर आजचे औषध टाळणारा रुग्ण त्या मर्यादेच्या खाली लवकर घसरतो, आणि मग ज्याची वाट पाहिली त्याच दारातून त्याला परत फिरावे लागते.

याच्या उलट टोकाला स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) उपचारांच्या जाहिराती आहेत. अशाच एका केंद्राने फोनवर आम्हाला ‘फुफ्फुस नव्याने तयार होईल’ असे सांगून मोठी आगाऊ रक्कम मागितली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फायब्रोसिससाठी स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, आणि खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. पैसे मागितले की फोन ठेवावा.

निन्टेडॅनिब कोणी घ्यावे, हे अर्थातच छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचे. ज्यांची रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, ज्यांच्या यकृताचा त्रास जुना आहे किंवा ज्यांचे नुकतेच मोठे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी हे पहिल्याच भेटीत न विचारता सांगून टाकावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी स्ट्रिप विकत घेताना ती फुगलेली किंवा कुठे उघडलेली नाही ना, हे काउंटरवरच उजेडात धरून पाहावे आणि तशी असेल तर तिथेच परत करावी. घरी नेल्यावर दुकानदार बदलून देत नाही.