बत्ती दुरुस्तीचे मंगळवार पेठेतील दुकान

रॉकेलची दाबाची बत्ती, म्हणजे आपली पेट्रोमॅक्स, नीट दुरुस्त करणारे हात आता दुर्मीळ झाले आहेत. म्हणून सोलापूरच्या मंगळवार पेठेतील या लहानशा दुकानाची शिफारस मी मनापासून करतो. शिबिरांना नेण्याच्या आमच्या बत्तीत हवा टिकत नव्हती आणि ज्योत पिवळी पडून काच काजळत होती.

कारागिरांनी आधी स्क्रू सैल करून टाकीतील दाब पूर्ण सोडला, रॉकेल काढून घेतले आणि मगच पान्याला हात लावला. पंपाचा चामडी वायसर सुकून आकसला होता. तो तेलात मुरवून, त्याची कड बोटांनी फुलवून त्यांनी पुन्हा बसवला. मग हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावताच झाकणापाशी बारीक बुडबुडे उठले आणि तेथील रबरी वायसर बदलल्यावरच ते थांबले. काजळीचे कारण निपलमध्ये, म्हणजे रॉकेलची वाफ सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीत, साचलेला कार्बन व ते छिद्र साफ करणारी पण वाकलेली सुई हे होते. दोन्ही भाग नवे घातले. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल कधीही घालू नये, हे त्यांनी निक्षून सांगितले. जुन्या मेंटलमध्ये, म्हणजे तापून प्रकाश देणाऱ्या जाळीत, किरणोत्सारी थोरियम असे, त्यामुळे त्याची राख फुंकण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी, हे मी जोडतो.

एक गोष्ट खटकली: चाचणीसाठी बत्ती पेटवताना रॉकेलचा डबा जवळच होता, तो दूर ठेवायला हवा. दर वाजवी आहेत, मेंटल मात्र स्वतः न्यावे.