बॅटरीचा फवारणी पंप, १६ लिटर: दोन हंगाम वापरून

भाताची मळणी झाली की आमचे हे चोर्ला घाट उतरून गोव्याला कामाला जातात. काजूला मोहोर येतो तेव्हा घरात सासूबाई आणि मी. म्हणून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये साठवून खानापुरात हा पंप घेतला. दुकानदार माझ्याशी बोलेचना. "मालकांना फोन लावा की!" शेवटी पैसे मोजून पुढ्यात ठेवले, मग खोकं उघडलं.

पंप चांगला. हातपंपासारखा दांडा मारत बसावं लागत नाही, फवारा बारीक पडतो. पण १६ लिटर भरला तर पाण्याचंच १६ किलो ओझं. मी दहाच भरते. पट्टे तर पुरुषांच्या खांद्याच्या मापाचे. साडीवरून घसरतात. मी ह्यांचा जुना फुलशर्ट वर चढवते आणि दोन्ही पट्टे छातीवर सुतळीनं बांधते. बनवणाऱ्याला एक बक्कल जड झालं होतं काय? नोझलही एकदा तुंबलं, जुन्या ब्रशनं साफ केलं.

"बाईमाणसानं औषध मारायचं नसतंय," म्हणणाऱ्या सासूबाई आता आदल्या रात्री आठवणीनं चार्जिंगला लावतात.

घ्या, पण दुकानात आधी पाठीवर घालून बघा.